मदत हवी आहे: आमच्या अबोल्यात लेक अडकलीये (पुणे)

नमस्कार, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. आम्ही कोथरूडला राहतो, मुलगी 9 वर्षांची, चौथीत. नवरा हिंजवडीला, त्याला घरी यायला साडेआठ-नऊ होतात. आमच्यात आरडाओरडा नसतो, अबोला असतो, कधी कधी आठ-आठ दिवस, आणि तेवढे दिवस सगळं तिच्यामार्फत चालतं, "बाबांना सांग पानं घेतलीयेत", "आईला विचार लाइटबिल भरलं का".

गेल्या आठवड्यात तिच्या कंपासपेटीत गणिताचा पेपर सापडला, बारीक घडी घातलेला, सही हवी होती. मार्क काही वाईट नव्हते, 20 पैकी 14. दाखवला का नाहीस विचारलं तर म्हणाली, तुम्ही बोलायला लागलात की दाखवणार होते. मला तिथेच रडू फुटलं. तिच्यासमोर भांडत नाही म्हणजे तिला कळत नाही असं मी धरून चालले होते.

मग वाचत बसले. डेव्हिस आणि कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये मांडलंय की आईबाबांचं आपसातलं कसं चाललंय त्यावर मुलांना घरात सुरक्षित वाटणं अवलंबून असतं, आणि भांडण मिटलेलं दिसलं तर मुलांना त्याचा त्रास कमी होतो. आमचं मिटतं ते रात्री, ती झोपल्यावर. म्हणजे तिला सुरुवातच दिसते, शेवट कधी दिसलाच नाही.

स्टीव्हन हेज या मानसशास्त्रज्ञांच्या अ‍ॅक्ट थेरपीत (विचार-भावना स्वीकारून वागायला शिकवणारी समुपदेशनाची एक पद्धत) मानसिक लवचिकता म्हणतात तेही वाचलं. "हा मुद्दाम करतोय" हा विचार आला तर तो ढकलायचा नाही आणि त्याच्या मागे वाहवतही जायचं नाही, राग असू द्यायचा आणि तरी आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं तसं वागायचं. परवा राग असतानाच मी स्वतः जाऊन त्याला जेवायला बोलावलं, लेकीला पाठवलं नाही. तो आला, बोलला नाही काही. पण ती ताटावर बसून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

नवरा काउन्सेलरकडे यायला तयार नाही, घरातलं बाहेर कशाला म्हणतो. मी एकटीने सुरू केलं तर उपयोग होतो का, कोणाचा अनुभव आहे? टेलिमानसच्या (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416 वर असल्या गोष्टीसाठी फोन केलेला चालतो का? कोथरूड-कर्वेनगर भागात मराठीत बोलणारं, रविवारी भेटणारं कोणी माहीत असेल तर प्लीज मेसेज करा. आणि लेकीशी या विषयावर काय बोलू, सॉरी म्हणू का सरळ? ती अजून रोज झोपताना विचारते, आज तुम्ही बोललात का.