मदत हवी आहे : १९४३ सालच्या पुण्यातील वृत्तपत्रांतील निधनवार्ता

माझ्या पणजोबांचे निधन पुण्यात शके १८६४ च्या फाल्गुन वद्यात झाले, एवढीच नोंद घरच्या जुन्या वहीत आहे. इंग्रजी कालगणनेनुसार हा काळ मार्च १९४३ चा अखेरचा भाग किंवा एप्रिलचे पहिले काही दिवस असा येतो, परंतु निधनाची बातमी तेराव्यानंतरही छापली जात असल्यामुळे एप्रिलअखेरपर्यंतचे अंक पाहावेत, असे मला वाटते.

त्या काळी पुण्यात ‘केसरी’, ‘सकाळ’ आणि ‘ज्ञानप्रकाश’ ही तिन्ही पत्रे निघत होती. युद्धकाळातील कागदटंचाईमुळे अंकांची पाने कमी झाली होती, त्यामुळे अशा वार्ता स्वतंत्र सदरात येत की स्थानिक बातम्यांत दोन ओळींत उरकल्या जात, हे ज्यांनी त्या वर्षांचे अंक चाळले आहेत त्यांनी कृपया सांगावे. ‘ज्ञानप्रकाश’ १९५१ मध्ये बंद पडल्याने त्याच्या अंकांची मला विशेष चिंता आहे. हे अंक कोणत्या ग्रंथालयात वाचकांना पाहता येतात, आणि त्यासाठी पूर्वपरवानगी लागते का?

पणजोबांचे मूळ गाव आणि त्यांच्या भावंडांची नावे या वार्तेतूनच कळण्याची आशा आहे. घरातील विवाहाच्या निमंत्रणपत्रिकाही आता उरलेल्या नाहीत.