'मक्ता', 'मक्तेदारी' की 'एकाधिकार'?

धुऱ्यावरचा (आर्वी)
अभ्यासवर्गासाठी सोव्हिएत व्यापारधोरणाचं टिपण मराठीत करतोय, दोन शब्दांवर गाडं अडलं. २२ एप्रिल १९१८ च्या हुकमानं परदेशव्यापार एकट्या सरकारच्या हाती गेला, ती 'मोनॉपली'. २३ नोव्हेंबर १९२० च्या हुकमानं परदेशी भांडवलदाराला खाणी, जंगलं ठराविक मुदतीनं द्यायची वाट मोकळी झाली, ते 'कन्सेशन'. जुन्या अनुवादांत पहिल्याला मक्तेदारी, दुसऱ्याला कुठं सवलत, कुठं मक्ता. म्हणजे भांडवलदाराला देतात तो मक्ता, आणि त्याला दाराबाहेर ठेवते ती मक्तेदारी?

पळाटी
सवलत तं पहिले काढा भाऊ. सवलत म्हणजे एसटीचं अर्धं तिकीट. अन् मोनॉपलीले आपल्याकडं १९७२ पासून शब्द तयार हाय: एकाधिकार. कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे राज्यातला कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा. वऱ्हाडात कोण्या म्हाताऱ्यालेही समजावून सांगा लागत नाई.

काना-मात्रा
एकाधिकार ठीक, 'एकस्व' मात्र नको, ते पेटंटला गेलं. मक्ता अरबी आहे, मूळ धातू 'कापणे'. गझलेच्या शेवटच्या शेराला म्हणतात तो मक्ताही त्याच धातूचा. रक्कम आधीच तोडून ठरवलेली, तो मक्ता. तो सरकार दुसऱ्याला देतं. सरकारनं स्वतःलाच मक्ता कसा द्यायचा? म्हणून इथं मक्तेदारी चूकच.

निंदणवाली
मक्तेदारी आता मक्त्यापासून केव्हाच सुटली. 'ज्ञानाची मक्तेदारी' म्हणताना कोण लिलाव बोलतो? पण दादा, कन्सेशनला मक्ताही बसत नाही. वावर मक्त्यानं दिलं की पैसे ठरलेले, पीक बुडो की पिको. १९२० च्या हुकमात परदेशी कंपनीला मोबदला मालाच्या हिश्श्यात होता, आणि तो हिस्सा देशाबाहेर न्यायची मुभा. मालकी सरकारची, यंत्रं-भांडवल त्याचं, माल वाटून. ही तर बटई झाली!

काना-मात्रा
सोन्याच्या खाणीची बटई? लेनिनच्या तोंडी?

निंदणवाली
का नाही? तेंदूपत्त्याचा ठेका चालतो तर खाणीची बटई का अडते?

पळाटी
शब्द काई लावा, पण टिपणात १९२२ चं भांडण आलं पायजे. लेनिनच्याच पक्षातले पुढारी बुखारिन अन् सोकोल्निकोव म्हणत होते, सरकारी व्यापारखातं ढिलं हाय, दार थोडं उघडा, आयातनिर्यातीवर जकात लावा. ऑक्टोबरात पक्षाच्या केंद्रीय समितीनं तसं ठरवलंबी. लेनिननं आजारपणातून पत्रं धाडून डिसेंबरात ते फिरवलं. त्याचा हिशोब जवसाचा होता: रशियात भाव साडेचार रूबल, इंग्लंडात चौदा. एवढा फरक दिसला तं शेतकरी अन् व्यापारी एक होतात, मंग त्याईले कोण अडवते? गावोगाव पहारेकरी बसवाल? अन् जकातीचं असं, की श्रीमंत देश आपल्या मालाले निर्यात-अनुदान देते, जकात तिथंच फुकट.
आपल्या कापूस एकाधिकारात हेच झालं. राज्याबाहेर कापूस न्यायले बंदी, पण पलीकडं भाव चढला का रात्रीतून गाड्या आदिलाबादकडं. इकडचा हमीभाव वर गेला का तिकडचाच कापूस आपल्या केंद्रावर. फरक दोन्हीकडून गळते.

धुऱ्यावरचा
म्हणूनच एकाधिकाराची भीती वाटते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कापसाचे रखडलेले चुकारे आणि प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरशी हुज्जत येईल. रशियातली रीत वेगळी होती: आत रूबलमध्ये माल घ्यायचा, लंडनला पौंडात विकायचा, मधला फरक यंत्रांसाठी. १६ मार्च १९२१ ला ब्रिटनशी करारही झालेला. भांडवलदाराशी व्यापार करावा की नाही हा वादच नव्हता, फाटकाची किल्ली कुणाकडं हा होता.

निंदणवाली
किल्ली सरकारकडं असली की धोका टळला, असंही लिहू नका. १९३० आणि ३१ मध्ये त्याच फाटकातून वर्षाला सुमारे ५० लाख टन धान्य बाहेर गेलं. मंदीनं जगात भाव पडलेले, म्हणून तेवढ्याच यंत्रांना जास्त पोती. त्यामागून १९३२-३३ चा दुष्काळ. चुकारे रखडलेले आठवले तर आठवू द्या, बिघडत नाही.

काना-मात्रा
एक राहिलं. 'जवस' कसं चालेल? आपला जवस तेलाचा, घाण्यावर जातो नाहीतर चटणीत. रशियातला धाग्याचा: उंच, कमी फांद्यांचा, कापत नाहीत, मुळासकट उपटतात, दवात कुजवतात, मग कुटून धागा सोडवतात.

पळाटी
मंग 'जवसाचा वाख' लिहा. अंबाडीचा असते तसा.

काना-मात्रा
वाख मुळात घायपाताचा.

निंदणवाली
अंबाडीचाही म्हणतात, आमच्याकडं.

काना-मात्रा
तुमच्याकडं म्हणजे यवतमाळकडं की वर्ध्याकडं?