सेहवाग टेस्टमध्ये ४९ आणि वनडेत ३५? हे गणित कोणी समजावेल का

बारावा_गडी:
मी मॅच नीट बघायला लागलो तेव्हा सेहवाग जवळजवळ संपत आला होता, त्यामुळे जे काय बघितलंय ते यूट्यूबवर. काल सहज त्याचे आकडे बघत होतो. १०४ टेस्ट, ८५८६ रन, ॲव्हरेज ४९.३४, २३ सेंच्युऱ्या. वनडे २५१, रन ८२७३, ॲव्हरेज ३५.०५, सेंच्युऱ्या १५. आता मला सांगा, पहिल्या बॉलपासून मारणारा माणूस म्हणजे वनडेचा प्लेअर ना? मग हे उलटं कसं काय? घरी वडिलांना विचारलं तर म्हणाले "त्याला डोकं नव्हतं, हात होते" आणि पेपर वाचायला लागले. कोणी नीट सांगेल का?

दुसरी_स्लिप:
वडिलांना नमस्कार सांग 😄

उत्तर फिल्डिंगमध्ये आहे. टेस्टमध्ये नवा बॉल म्हणजे तीन स्लिप, गली, कधी शॉर्ट लेग, म्हणजे बॅटच्या जवळच पाच जण आणि पुढे सगळं रान मोकळं. सेहवागला ऑफ स्टंपच्या बाहेर जरा जागा मिळाली की तो पाय न हलवता पॉइंट-कव्हरमधून (ऑफ साइडला) काढायचा, आणि तिथे एकदा बॉल गेला की अडवायला कोणी नाही, सरळ फोर. कॅप्टनने घाबरून डीप पॉइंट लावला तर एक स्लिप गेली, म्हणजे त्याची एज (बॅटची कड लागून बॉल) निघाली तरी कॅच नाही. दोन्हीकडून फायदा त्याचाच. वनडेत बोलरला विकेट नाही मिळाली तरी चालतं, तो अंगावर टाकतो, जागा देत नाही, आणि पॉवरप्ले (सुरुवातीच्या ओव्हर्स, बाउंड्रीवर मोजकीच माणसं ठेवता येतात त्या) संपला की बाउंड्रीवर माणसं उभीच. त्यात ओव्हर्स ५०च, त्यामुळे सेट झाल्यावरसुद्धा मारायचंच, थांबायची सोय नाही.

आणि ३५ ला नावं ठेवू नका हो. स्ट्राइक रेट (१०० बॉलमागे रन) १०४ आहे त्याचा, तो ज्या काळात खेळला तेव्हा ओपनरने ८० ने मारलं तरी लोक खूश असायचे.

नाईटवॉचमन:
वरच्याशी सहमत. अजून एक, हा टेस्टमध्ये ओपनर म्हणून आलाच नव्हता. २००१ ला ब्लोमफाँटेनला पहिली टेस्ट, सहाव्या नंबरवर येऊन १०५. पण मिडल ऑर्डरमध्ये द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण, घुसणार कुठून? म्हणून २००२ ला लॉर्ड्सला ओपनिंगला पाठवला, तिथे ८४ आणि पुढच्या टेस्टला ट्रेंट ब्रिजला १०६. तेव्हा सगळे म्हणत होते की हा जुगार आहे, इंग्लंडमध्ये बॉल हलतो, याचे पाय हलत नाहीत. पण डोकं एकदम स्थिर असायचं त्याचं आणि बॉल इतरांपेक्षा लवकर दिसायचा, निदान वाटायचं तरी तसं.

बाकी स्वभाव दोन्हीकडे तोच. मेलबर्नला २००३ मध्ये १९५ वर सिक्स मारायला गेला आणि आउट. तीन महिन्यांनी मुलतानला २९५ वर होता, दुसरा कोणी असता तर एकेक काढत बसला असता, याने पाकिस्तानच्या सकलेनला सिक्स मारून ३०० पूर्ण केले. आपल्याकडची पहिली ट्रिपल सेंच्युरी ती. मेलबर्नवरून काही शिकला नाही हेच बरं झालं.

थर्ड_मॅन:
आरती ओवाळून झाली असेल तर बोलू का?

दुसऱ्या डावात ॲव्हरेज ३० च्या आसपास आहे. २३ पैकी दुसऱ्या डावातली सेंच्युरी फक्त एक. न्यूझीलंडमध्ये टेस्ट सेंच्युरी शून्य. २०११ ला एजबॅस्टनला दोन्ही डावात पहिल्याच बॉलला आउट. खांद्याच्या दुखापतीतून नुकताच परतला होता वगैरे ठीक आहे, पण बॉल हलला की गडी गेला हे नेहमीचंच होतं. चेन्नईला साऊथ आफ्रिकेविरुद्ध ३१९ मारले, २७८ बॉलमध्ये ३००, भारीच, पण ते पिच बघा जरा. समोरच्यांनी पण पहिल्या डावात ५४० केले होते.

दुसरी_स्लिप:
पाटा पिच (बॅटिंगला सोपं) सगळ्यांनाच मिळतं भाऊ, ३१९ सगळे मारत नाहीत.

आणि श्रीलंकेतलं गॉल २००८ विसरलात. त्यांचा स्पिनर मेंडिस नवीन आला होता, कोणाला काही कळत नव्हतं, दुसऱ्या टोकाला मुरली. आपले सगळे मिळून ३२९, त्यात हा एकटा नाबाद २०१, शेवटपर्यंत उभा. गंभीरचे ५६, बाकी सगळे ४० च्या आत. मॅच जिंकली. आणि ती दुसऱ्या डावातली एक सेंच्युरी म्हणताय ना, ॲडलेडचे १५१, तिने टेस्ट वाचवली होती.

त्याच वर्षी डिसेंबरला चेन्नईत इंग्लंडने ३८७ चं टार्गेट दिलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी याने ६८ बॉलमध्ये ८३ ठोकले. दुसऱ्या दिवशी सचिनने सेंच्युरी मारून जिंकून दिलं, तिकडे स्ट्रॉसच्या दोन्ही डावात सेंच्युऱ्या, तरी मॅन ऑफ द मॅच सेहवाग. त्या ८३ नंतर इंग्लंडला फिल्डिंग पसरवावी लागली, सगळी मॅचच फिरली तिथे. दुसऱ्या डावाच्या ॲव्हरेजमध्ये ही इनिंग नुसती ८३ म्हणूनच धरतात.

बारावा_गडी:
फिल्डिंगचं एकदम पटलं 🙏 पण मग इंदूरचे २१९? ती तर वनडेच होती.

नाईटवॉचमन:
ती २०११ ची, वेस्ट इंडिजविरुद्ध, १४९ बॉल. कॅप्टन पण तोच होता त्या दिवशी. ग्राउंड लहान, एक कॅच सुटला, आणि एकदा याला ३० ओव्हर टिकू दिलं की पुढे काय होणार. प्रॉब्लेम तेवढं टिकण्याचाच होता. २०११ च्या वर्ल्डकपला पहिल्या मॅचमध्ये बांगलादेशला १७५ मारले आणि फायनलला दुसऱ्या बॉलवर मलिंगाने पायचीत केला, शून्य. वनडेतला सेहवाग हा असा.

थर्ड_मॅन:
गॉल मान्य, ती खरंच मोठी इनिंग होती. पण फिल्डिंगची थिअरी न्यूझीलंडमध्ये नाही चालत. २००२-०३ च्या दौऱ्यात टेस्टमध्ये फेल आणि वनडेत दोन सेंच्युऱ्या. २००९ ला हॅमिल्टनला परत वनडेत ७४ बॉलमध्ये नाबाद १२५, आणि टेस्टमध्ये परत काही नाही. तिथे पण स्लिप होत्या आणि पॉइंट मोकळाच होता की. दुसरी_स्लिप, याचं काय ते सांगा.

दुसरी_स्लिप:
तिथे लाल बॉल पार दुपारपर्यंत हलतो, पांढरा दहा ओव्हरमध्ये शांत होतो. एज लागली की स्लिपमध्ये माणूस आहेच, वनडेत त्याच एजला फोर मिळते. अर्धं उत्तर आहे, माहितीये. जेवून येऊन उरलेलं लिहितो.