स्विस चार्ड: एका बीतून तीन रोपं, पानांवर पांढऱ्या रेघा, आणि शिजवल्यावर देठ कच्चे

मातीगंध
स्विस चार्ड (पालकासारखी, पण जाड देठांची पालेभाजी) कुंडीत लावलं आहे. तीन अडचणी आहेत. एकेका बीतून तीन-चार कोंब आले आहेत, ते सगळे ठेवू का? काही पानांवर पांढरट, नागमोडी रेघा उमटून पुढे त्यांचे तपकिरी चट्टे होतात. आणि भाजी केली की पानांचा लगदा होतो पण देठ करकरीत राहतात, शिवाय घशाला खवखव होते. पानं नेमकी कधी नि कुठून तोडायची, तेही सांगा.

वाफेकरी
चार्ड आणि बीट ही एकाच जातीची झाडं. आपण जिला बी म्हणतो तो खरं तर दोन-चार बियांचा एकत्र जुळलेला फळगुच्छ असतो, म्हणून एका जागी इतके कोंब. रोपं ५ ते ७ सेंटीमीटरची झाली की सर्वांत जोमदार एक ठेवा. बाकीची उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा. उपटताना शेजारच्या रोपाची मुळं हलतात. कापलेले कोंब कोशिंबिरीत चालतात.

मोठ्या पानांसाठी दोन रोपांत २० ते ३० सेंटीमीटर अंतर हवं, कोवळीच तोडायची असतील तर १० पुरेल. कुंडी निदान २५ सेंटीमीटर खोल असावी, कारण याचं मूळ खाली जातं. माती एकदा कोरडी, एकदा चिंब अशी होत राहिली तर देठ निबर होतात. पुढच्या वेळी बी रात्रभर भिजवून एक-दीड सेंटीमीटर खोल पेरा.

पानमळा
रेघा नागअळीच्या, म्हणजे एका छोट्या माशीच्या अळीच्या आहेत. माशी पानाच्या खालच्या बाजूला बारीक पांढरी, लांबुळकी अंडी शेजारीशेजारी घालते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खाते, त्यामुळे वरवर मारलेला साबणपाण्याचा किंवा तेलाचा फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. दर दोन-तीन दिवसांनी पानं उलटून पाहा आणि अंडी बोटाने पुसून टाका. चट्टा पडलेलं पान तोडून पिशवीत बांधून फेका, कंपोस्टमध्ये नको. एरवी अळी मातीत उतरून कोष करते.

बारीक जाळी उत्तम, पण ती पेरतानाच घालावी लागते. ज्या मातीत आधीच कोष आहेत तिच्यावर जाळी घातली तर माश्या आतच निघतात. त्या मातीत लगेच पुन्हा चार्ड, बीट किंवा पालक लावू नका.

चट्टे गोल, मध्ये राखाडी आणि कडेला लालसर असतील तर मात्र तो बुरशीचा ठिपका. अशा वेळी पाणी पानांवर न घालता बुडाशी द्या.

वाफेकरी
तोडणीचं राहिलं. नेहमी बाहेरची पानं, देठ बुडाशी धरून बाजूला मुरडून किंवा कापून काढा. मधली चार-पाच पानं आणि वाढीचा कोंब शाबूत ठेवा. पान तळहातापेक्षा थोडं मोठं झालं की घ्या. ठेवून दिलेली पानं जून होतात. बराच काळ थंडी लागून मग दिवस मोठे होऊ लागले की मधून तुरा निघतो आणि पानं कडवट होतात. तुरा खुडून फार दिवस मिळत नाहीत, तेव्हा झाड काढून नवीन पेरणी करावी.

रांधप
देठ आणि पान या दोन वेगळ्या भाज्या समजा. पानाच्या शिरेलगत दोन्ही बाजूंनी सुरी फिरवून देठ सोडवा आणि सेंटीमीटरभर तुकडे करा. चौघांसाठी अर्धा किलो घ्या, शिजल्यावर ढीग अगदीच आटतो. दोन चमचे तेलात लसूण, मग देठ आणि चमचाभर पाणी घालून झाकण ठेवून ४-५ मिनिटं. त्यानंतर चिरलेली पानं, झाकण काढून मोठ्या आचेवर २-३ मिनिटं. मीठ पानं बसल्यावरच, आधी अंदाज चुकतो. लिंबू गॅस बंद केल्यावर, कारण आंबटाने शिजताना हिरवा रंग मळतो.

खवखव ऑक्झॅलिक आम्लामुळे. पानं भरपूर उकळत्या पाण्यात २-३ मिनिटं टाकून ते पाणी ओतून द्या. बरंचसं आम्ल पाण्यात उतरतं. नुसतं परतल्याने ते तसंच राहतं. ऑक्झॅलेटचे मूतखडे झालेल्यांनी चार्ड खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

मातीगंध
लाल देठांचा रंग सगळ्या भाजीला लागतो. त्याला काही उपाय?

रांधप
तो बीटसारखाच पाण्यात विरघळणारा रंग आहे. लाल देठ वेगळे परतून वाढताना वरून घाला. फिकट पदार्थात पांढऱ्या देठाचंच वाण वापरा.