‘अलाऊ-रूट’ लावू नका

या चर्चेत वर दोघांनी सुचवलंय की डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसची साइट कमांड देऊन सांभाळायचं साधन) रूट म्हणून, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार असलेल्या युजरनं, चालवताना अडलं तर ‘--अलाऊ-रूट’ लावा नि प्लगइन (साइटला जादा सोयी देणारा जोड-कोड) टाकून मोकळे व्हा. कृपा करून असं करू नका. कमांड चालते तेव्हा साइटवरच्या चालू प्लगइनांचा कोडही सोबत चालतो. त्यातलं एक जरी खराब निघालं तर अख्खा सर्व्हर त्याच्या ताब्यात. वेबसर्व्हरच्या युजरनंच चालवा, दुसऱ्या युजरच्या नावानं कमांड चालवणारं ‘सुडो -यू’ त्यासाठीच आहे.

लातूरच्या मोंढ्यातल्या एका अडत्याची साइट मी मागच्या सोयाबीनच्या हंगामात निस्तरली. भाव बघायला गेलं की भलतंच पान उघडायचं. प्लगइनांच्या फाइली मूळ फाइलींशी ताडून बघणारी ‘डब्ल्यूपी प्लगइन व्हेरिफाय-चेकसम्स --ऑल’ ही कमांड दिली, तर फॉर्मच्या प्लगइनपुढे ओळ आली: ‘फाइल वॉज अ‍ॅडेड’ (फाइल नंतर घातलेली आहे). मूळ प्लगइनात नसलेली एक पीएचपी फाइल कुणीतरी आत ठेवली होती. ती काढून भागलं नाही, सगळे पासवर्ड बदलावे लागले, अ‍ॅडमिन युजर एकेक करून तपासावे लागले.

ही तपासणी वर्डप्रेस डॉट ऑर्गवरच्या प्लगइनांपुरतीच चालते, विकतच्यांना ती वगळते. म्हणून विकतच्या प्लगइनांच्या टेलिग्रामवर फुकट मिळणाऱ्या ‘प्रो’ झिपला तर हातच लावू नका. आणि बंद ठेवलेली प्लगइनं डिलीट करा, डिस्कवर असेपर्यंत त्यांच्या फाइली बाहेरून उघडता येऊ शकतात.