रात्रीचा गड आणि कॅमेरा: आपापले अनुभव टाका

कुंदाखाऊ:
सकाळपासून ग्रुपवर पोरांच्या मातीच्या किल्ल्यांचे फोटो पडतायत. ते बघून बेळगावजवळच्या येळ्ळूरगडावरच्या रात्री आठवल्या, म्हणून धागा काढला. मागच्या धाग्यात नुसत्या गोष्टीच झाल्या, या वेळी कामाचं लिहा.

माझ्याकडून एवढंच: गडावर दिवे असतील तर काळोखाची वाट बघत बसू नका. सूर्य मावळल्यावर साधारण २० ते ३५ मिनिटं आकाश गडद निळं असतं. एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता), ५ सेकंद इथून सुरू करा. भिंतीवरचा उजेड नीट आला की आकडे बांधून टाका, परत हात लावू नका. दर मिनिटाला एक फोटो. आकाश आपोआप उतरत येतं आणि मधल्या तीन-चार फोटोंत दोन्ही जुळतं. त्यानंतर वर काळं ठिक्कर, खाली पांढरं भक्क.

तिसरं_गेट:
फोकसचं कुणीच सांगत नाही. अंधारात ऑटोफोकस नुसता पुढं-मागं घुरघुरत राहतो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) लावा, १० पट मोठं करा आणि दिव्यावर नाही, दिव्याखालच्या दगडाच्या कडेवर रिंग फिरवा. कड बारीक झाली की मॅन्युअलला टाका आणि रिंगवर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी मारा. त्यानंतर झूम हलवलात तर पहिल्यापासून सगळं परत. लेन्सवरच्या आडव्या आठावर (अनंताच्या खुणेवर) विसंबू नका, बऱ्याच लेन्स त्याच्याही पुढं फिरतात. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद, टायमर २ सेकंदांचा.

हुक्केरीहून:
आमच्या हुक्केरीकडच्या वल्लभगडाचं पण कुणीतरी लिहा की ओ. सगळे येळ्ळूरलाच पळतात. खालच्या महामार्गावरच्या गाड्यांच्या रेघा पाहिजेत तर एफ ११, २० ते ३० सेकंद. पांढरे दिवे येणाऱ्यांचे, लाल जाणाऱ्यांचे.

मांडेवाली:
येळ्ळूरगड नाही, राजहंसगड म्हणा 😄

कुंदाखाऊ:
झालं सुरू. दोन्ही म्हणा, फोटो तोच येतो.

नक्षत्रवेडा:
उभं कुठं राहायचं हे आधी ठरवा. बेळगाव शहर गडाच्या उत्तरेला. ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं पाहिजेत तर गडाच्या दक्षिणेला उभं राहून उत्तरेला बघावं लागतं, म्हणजे शहराचा सगळा उजेड थेट गडामागं. त्यात आपल्याकडं ध्रुव जेमतेम १६ अंशांवर, तटाला चिकटून उभं राहिलात तर दिसायचाच नाही. लांब सरका. ३० सेकंदांचे १२० फोटो, मध्ये १ सेकंद, साधारण तासाभराचं काम. तारे १५ अंश फिरतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडतो आणि रेघांच्या जागी तुटक टिंबं येतात.

आकाशगंगा पाहिजे तर उलट, उत्तरेला उभे राहून दक्षिणेला बघा. तिकडं खानापूरच्या बाजूला अंधार आहे. एप्रिलच्या मध्याला पहाटे पावणेपाचच्या सुमारास तिचा मधला भाग बरोबर दक्षिणेला, ४५ अंश वर. मेच्या मध्याला तोच पावणेतीनला. अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. एफ २.८, आयएसओ ३२००. सेकंद किती? ५०० भागिले फोकल लेन्थ. २० मिमी असेल तर २५. क्रॉप (लहान) सेन्सरवर फोकल लेन्थ आधी दीडनं गुणा, नाहीतर ताऱ्यांच्या अळ्या होतात. जून लागला की पुढचं सगळं पावसात.

मांडेवाली:
पावणेतीनला घरातून सोडणार कोण?

मिरचीभजी:
भजी कुठली मिळणार त्या वेळेला. थर्मास न्या.

हलकर्णी_रोड:
टॉर्चनं तट उजळवताना पांढरा एलईडी तसाच मारू नका, दगड आजारी निळसर दिसतो. गणपतीच्या आराशीतला पिवळा जिलेटिन कागद दोन घड्या करून रबरबँडनं बसवा. कॅमेऱ्याच्या बाजूनं मारलात तर भिंत सपाट होते. आडव्या बाजूनं मारा, मग सांधे उठून दिसतात. हात सतत हलता पाहिजे, थांबलात की तिथं डाग. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. आणि दुसरा कोणी आकाशगंगा काढत असेल तर आधी विचारा, लोक शिव्या देतात.

फोनवाला:
आम्हा गरिबांचं काय?

तिसरं_गेट:
आधी लेन्स पुसा. दिव्यांभोवती येणारे फराटे निम्म्या वेळा बोटाचं तेल असतं. फोन हातात न धरता जॅकेटच्या घडीवर टेकवून ठेवा. हलत नाही हे कळलं की बरेच फोन नाइट मोडमध्ये जास्त सेकंद देतात. बटण दाबू नका, वायरच्या इयरफोनचं आवाजाचं बटण दाबा.

फोनवाला:
वायरचा इयरफोन आता फक्त आईकडं आहे 😂

पौर्णिमा_गँग:
बुरुजाएवढा चंद्र पाहिजे तर बुरुजाची रुंदी गुणिले ११०, तेवढ्या लांब जा. १० मीटरचा बुरुज असेल तर ११०० मीटर. चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा दोन मिनिटांत सरकतो, म्हणून ट्रायपॉड उचलून पळायची वाट आधी दिवसा चालून बघा. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जा. तेव्हा चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर येतो, तट आणि चंद्र दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात. पौर्णिमेला उशीर झाला की गड काळा आणि चंद्र पांढरी टिकली.

कुंदाखाऊ:
वाऱ्याचं राहिलं. ट्रायपॉडला बॅग अधांतरी टांगू नका, ती झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते. तळ जमिनीला टेकू दे. मधला दांडा वर काढू नका.

नक्षत्रवेडा:
डिसेंबरात दव. काच ओली झाली हे फोटो धुरकट आल्यावरच कळतं. पाच व्होल्टचा हीटर पट्टा पॉवर बँकेवर चालतो. आणि पुसू नका, पुसलं की लगेच परत धरतं.

हुक्केरीहून:
भीमगडाला रात्री जाता येतं काय?

हलकर्णी_रोड:
अभयारण्य आहे ते, रात्रीचा विचारच सोडा. चंदगडकडच्या गडांवर जाताना पण गावात विचारून जावा, हत्ती-गवे असतात.

मांडेवाली:
मग मातीच्या किल्ल्यावरच सराव करूया. खिडकीतून टॉर्च, खाली पणती. मुलानं बुरुजावर मोहरी पेरलीय, ती फोटोत झाडी दिसते.

फोनवाला:
मोहरी उगवायला किती दिवस लागतात? आमची अजून आलीच नाही.