उबुंटूत अपडेट मारलं की 'नॉट व्हॅलिड येट' येतंय, काय करू?

कोपरखैरणेकर: घरी जुना डेस्कटॉप आहे, बहिणीला कोडिंग शिकायला त्यावर उबुंटू २४.०४ टाकून दिलंय, विंडोजपण आहे बाजूला. परवापासून सकाळी सुडो एपीटी अपडेट (एपीटी म्हणजे उबुंटूत सॉफ्टवेअर आणणारा प्रोग्राम) मारलं की नोबल-अपडेट्स आणि नोबल-सिक्युरिटीवर (नोबल हे २४.०४ चंच नाव) एरर येतो, रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही, अजून ६ तास १२ मिनिटं थांबा अशा अर्थाचा, पण नुसत्या नोबलला काहीच होत नाही. नेट व्यवस्थित आहे. मित्र म्हणतो अलाऊ-अनऑथेंटिकेटेड लाव आणि पुढे हो. लावू का? शनिवारी तिचा क्लास आहे.

ऐरोली_सेक्टर८: व्हार-लिब-एपीटी-लिस्ट्स फोल्डर, म्हणजे एपीटीने आणून ठेवलेल्या याद्या, रिकामं करून परत अपडेट मार, माझं त्यानेच सुटलं होतं.

कोपरखैरणेकर: केलं दादा, तोच एरर.

नौपाडा_टर्मिनल: ते अनऑथेंटिकेटेड अजिबात लावू नकोस, सही न तपासता पॅकेज आत घ्यायचं म्हणजे दार उघडं टाकून झोपण्यासारखं आहे, आणि तुझा प्रॉब्लेम तो नाहीच. तुझं घड्याळ मागे आहे. अपडेट मारलं की एपीटी आधी रिलीज फाइल, म्हणजे त्या भागातल्या पॅकेजांच्या याद्यांची सही केलेली फाइल, आणतं, त्यात ती कधी बनली ते लिहिलेलं असतं, तुझ्या मशीनच्या मते ती वेळ अजून यायचीच आहे म्हणून ते नाकारतं. नोबलची मूळ फाइल एप्रिल २०२४ ची आहे, ती चालून जाते, बाकीच्या दोन सतत नव्याने बनतात. टाइमडेटसीटीएल मारून बघ काय वेळ दाखवतंय, एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ आपोआप जुळवणं, चालू आहे का. आणि रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करता का?

कोपरखैरणेकर: हो, रोज बंद करतो! वेळ काल रात्रीचीच दाखवतंय. एनटीपी मीच बंद केलं होतं, विंडोजमध्ये साडेपाच तासांचा फरक पडायचा म्हणून.

नौपाडा_टर्मिनल: मग सापडलं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल, म्हणजे वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा छोटा गोल सेल, संपत आलाय, बटण बंद केलं की घड्याळ थांबतं. आत्ता सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू मार, मिनिटभर थांब, मग अपडेट. सेल घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो, तो बदलच. आणि विंडोजचा फरक येतो कारण विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ लोकल वेळेत धरतं आणि उबुंटू यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), त्यामुळे एनटीपी बंद ठेवण्यापेक्षा विंडोजलाच यूटीसी वापरायला लावलेलं बरं.

कोपरखैरणेकर: अपडेट झालं, एकही एरर नाही! पॅकेजपण बसलं. संध्याकाळी वाशीला जातोय, सेल घेऊन येतो. मनापासून थँक्यू दादा.